मनगटावरचा थेंब

माझ्या नवऱ्याचे कान बारा महिने खाजायचे. आमचं घर तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतांची लहान तळी, बांधणाऱ्यांचं. पावसाळाभर हा माणूस तलावाची मातीची पाळ फुटू नये म्हणून गळाभर पाण्यात, आणि खाज सुटली की हाताला लागेल ते कानात. आगपेटीची काडी, पेटीची किल्ली, एकदा तर बाभळीचा काटा. गावात मात्र पंच म्हणून मिरवायचा.

बाजारातून आला की माझ्या मांडीवर डोकं टाकायचा. मी पळीत तिळाचं तेल घ्यायची, लसणाची पाकळी टाकून चुलीवर धरायची. पाकळी तांबूस झाली की उतरवायची, निवू द्यायची आणि पहिला थेंब आपल्या मनगटावर टाकायची. मनगटाला सोसला तरच कानात. मग वर आलेला मळ तेवढा कापसाच्या बोळ्यानं टिपायचा, आत काडी घालायची नाही. चौदा वर्षं मी हे केलं. कितीदा तरी थेंबानं चटका दिला, पण माझ्या मनगटाला, त्याच्या कानाला कधी नाही. एरवी तो घुम्या, पण तेव्हा दोन शब्द बोलायचा. मी त्यालाच संसार समजले.

मूल झालं नाही म्हणून त्यानं चंद्रकांताला दुसरी बायको करून आणलं. सालेकशाकडची पोर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला म्हणाला, "इले कानाचं शिकवून दे." बाकी सारं तिला आयतंच मिळालं होतं, एवढंच माझ्याकडून घ्यायचं राहिलं होतं. थेंबाचं सांगूच नये असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं. पण पोरीचा काय दोष? मी सगळं शिकवलं, तिचंच मनगट धरून त्यावर थेंब टाकून दाखवला.

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी मी विहिरीवरून येते तो घरात आरडाओरडा. नवऱ्याचा कान भाजून लाल झाला होता आणि चंद्रकांता तेलाची पळी हातात धरून भिंतीला टेकली होती. शेजारपाजार ओसरीवर जमला. त्यांच्यासमोर तो मला म्हणाला, "तुनंच इले उलटं शिकवलं. सवत होयेस न, जळून राहिलीस."

"मी थेंबाचं सांगितलं होतं. इचारा तिले."

चंद्रकांतानं मान खाली घातली. तिला त्या घरात राहायचं होतं. लोकांनीही मान डोलावली, कारण सवतीच्या गुन्ह्याला पुरावा लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन मी सौंदडला भावाकडे आले.

माघात तो आला. भाऊ रामलाल शेतावर गेला होता. मला वाटलं, न्यायला आला. तो ओसरीवर बसला आणि कान धरून म्हणाला, "लय खाजून राहिला. तिच्या हाताचं भेव वाटते. तेवढं तेल घालून दे."

मी चूल पेटवली. का पेटवली, ते मला आजही सांगता येत नाही. तेल तापवलं, निववलं, थेंब मनगटावर टाकला. तो मांडीवर आडवा झाला तेव्हा विचारलं, "मी खरंच उलटं शिकवलं होतं?"

डोळे मिटूनच तो म्हणाला, "नाई. चंद्रकांता थेंब टाकूनच पाहत होती. मीच म्हटलं, कायले वेळ लावतेस, ओत."

"मंग हे गावात सांगा. चार लोकांसमोर."

"जाऊ दे न आता. लोक हासतील मले."

लढाईमुळे तेव्हा घासलेट मिळत नव्हतं. देवापुढे आणि घरात, दोन्ही कामांना एकच तेलाचा दिवा होता आणि तो सकाळपासून कोरडा पडला होता; घरात उरलं होतं तेवढं तेल पळीत होतं. मी त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं, उठले आणि पळीतलं तेल दिव्यात ओतलं.

तो उठून बसला. "काऊन? कान खाजून राहिला न माझा."

"चुलीपाशी आगपेटी आहे," मी म्हटलं. "तिच्यात काड्या आहेत."