जलशाची वही

उकंडाबाबांनी पिशवीतून एकेक पान काढून सतरंजीवर मांडायला सुरुवात केली. खिडकीतून येणारं ऊन त्या पानांवर चकाकलं. प्रोजेक्टरची वायर जोडणारा दीपाचा हात तिथंच थांबला.

पानं प्लॅस्टिकमध्ये बंद होती. सगळीच्या सगळी.

"दारव्ह्याले जाऊन लॅमिनेशन करून आनलं," बाबा म्हणाले. "आता पानी लागत नाही, वाळवी लागत नाही. तूच म्हनलं होतं ना, पोरी?"

पाणी-वाळवीपासून जपा, असं तिनंच म्हटलं होतं. गेल्या महिन्यात, बोरी अरबच्या याच बुद्धविहारात. यवतमाळला एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची आणि घराघरांत पडून असलेल्या जुन्या वस्तू लोकांनी जपाव्यात म्हणून कॉलेजच्या उपक्रमातून रविवारी एसटीनं गावोगाव फिरायची. कुठे कुणी यायचंच नाही. कुठे यायचे ते सरकारी योजनेचा फॉर्म मिळेल म्हणून. मागच्या वेळी इथं अकरा जण होते. शेवटपर्यंत ऐकलं ते एकट्या उकंडाबाबांनी.

ही पानं ज्या वहीची होती, ती त्यांच्या वडिलांची. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी ते वस्त्यावस्त्यांत जलसे करायचे. दारू सोडा, पोरं शाळेत घाला, हे सगळं गाण्यातून सांगायचे. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसानं चाळिशीत अक्षरं शिकून ही गाणी लिहिली होती. समासात पेन्सिलीनं चालीच्या खुणा होत्या. कुठे थांबायचं, कुठे ढोलकी चढवायची, सगळं. दीपानं त्या मागच्या खेपेला पाहिल्या होत्या.

तिनं एक पान उचलून उजेडात धरलं. शाई पसरली होती. समास नव्हता.

"बाबा, या कडा कुठे गेल्या?"

"त्या कापल्या त्या दुकानवाल्यानं. कुरतडलेल्या होत्या, प्लॅस्टिकात बसत नोहत्या."

"आणि कापलेले तुकडे?"

"झाडून टाकले असतीन."

"अहो, पण कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?"

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आत येणाऱ्या दोन बाया दारातच थबकल्या. उकंडाबाबांनी हातातलं पान हळूच खाली ठेवलं.

"बिघडलं का काही?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण दीपाला ते जमलं नाही.

"बिघडलं, बाबा. हे प्लॅस्टिक आता निघत नाही. काढायला गेलो तर कागद फाटेल. आणि आतल्या आत तो खराब होत गेला तरी आपल्याला काही करता येणार नाही."

बाबांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"मंग तू पहिलेच काहून नाही सांगतलं?"

पाणी, ऊन, वाळवी, सगळं तिनं सांगितलं होतं. लॅमिनेशनचं राहिलं होतं. आपलं ऐकून कुणी घरी जाऊन खरोखर काही करील, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

बाबांनी पानं गोळा केली आणि ते कार्यक्रम सुरू व्हायच्या आत उठून गेले. दीपा नऊ लोकांसमोर बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. परतीच्या एसटीत तिनं मोबाइलवर प्राचार्यांना निरोप लिहिला, की हा उपक्रम यापुढे मला जमणार नाही. लिहिला, पण पाठवला नाही. आधी त्या दुकानदाराला गाठायचं होतं.

बुधवारी सुट्टी टाकून ती दारव्ह्याला गेली. चार जणांना विचारल्यावर झेरॉक्सचं ते दुकान सापडलं. समासाच्या कातरणांचं तिनं विचारताच मालक विक्कीनं कपाळाला हात लावला.

"ते तर त्याच दिवशी कचऱ्यात गेलं, मॅडम. पन तुमी त्या बुढ्याच्या वळखीच्या असान तर त्याले घेऊन जा न. दोन दिवसांपासून माहे गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यला."

दीपा बाहेर आली. दुकानाच्या बाजूच्या पायरीवर उकंडाबाबा बसले होते. समोर एक बाई छातीशी पिशवी धरून उभी होती.

"मार्कशिटाची झेरॉक्स काढाची असंन तर जा," बाबा तिला म्हणत होते. "जुनं, हातानं लिवलेलं असंन तर थांब. काय हाय?"

"आजीचं पत्र हाय. तिनं पहिल्यांदा लिवलेलं."

बाबांनी मांडीवरचं एक पान तिच्या हातात दिलं. "हे माह्या बापाचं. हितं, कडेले, त्यायनं चाल लिवली होती. म्या कापून टाकली."

बाईनं त्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं. पान परत दिलं आणि पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

"मंग ठेवू कसं, बाबा?"



"ते मले ठाव नाही," ते म्हणाले. "ते सांगाच्या आतच मी उठून गेलतो."

मान वळवली तेव्हा त्यांना दीपा दिसली. मांडीवरची पानं सावरत ते थोडे सरकले. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

"बस," ते म्हणाले. "पन या टायमाले पुरं सांगजो."