नव्हतं ते विमान

उजवा पंख खाचेत बसला, पण आखूड पडला.

गुलाबरावांनी तो काढला, पुन्हा सरकवला, मग दोन्ही टोकं मोजली. फरक दीड सेंटिमीटरचा. खाटेवर त्यांचं पाणविमान पडलं होतं. चार इंजिनं, होडीसारखं पोट, खिडक्यांच्या दोन रांगा, आणि एक हात दुसऱ्यापेक्षा तोकडा.

"काय झालं?" सत्यभामाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणता अन् मुंडकं धरून बसता."

"डावा पंख शॉपच्या पट्टीनं केला वं, अन् उजवा बाजारातल्या पट्टीनं."

"मंग?"

"मंग काय. माती."

गुलाबराव ठवकर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेले. पोलादाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो, तो ते करत. तापलेलं पोलाद थंड होताना आखडतं, म्हणून नमुना मुद्दाम मोठा ठेवतात. त्यासाठी पट्टीच वेगळी असते, तिचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरा मोठा. ते माप खोटं आहे हे शॉपमधल्या नव्या हेल्परलाही माहीत असतं, म्हणून ते कोणाला फसवत नाही. रिटायर होताना सोबत्यांनी तीच पट्टी त्यांच्या हातात ठेवली. विमानाचं पोट, शेपटी, डावा पंख सगळं तिनंच झालं. मग ती खाटेमागे पडली आणि घाईघाईत त्यांनी सुपेल्याच्या बाजारातली साधी पट्टी उचलली. लाकूड काही थंड होऊन आखडत नाही, तेव्हा मोठ्या मापाची गरजच नव्हती. पण जन्मभर वाढीव माप घेतलेल्या हाताला हे सांगणार कोण?

असं विमान कधी नव्हतं. पाण्यावर उतरणारी विमानं होती. इंग्रजांच्या काळात ग्वाल्हेरच्या तलावावर ती खरोखर उतरत. मग लढाई झाली, जिकडेतिकडे धावपट्ट्या झाल्या आणि पाणविमानं भंगारात गेली. गुलाबरावांच्या इतिहासात धावपट्ट्या झाल्याच नाहीत. ज्या गावाला तलाव, त्या गावाला विमान. आणि छत्तीसगडात तलावांना काय तोटा! त्या इतिहासात तलाव बुजवून कोणी प्लॉट पाडले नाहीत, कारण मग विमान उतरलं कुठे असतं? त्यांचं 'शिवनाथ' विमान नागपूरच्या अंबाझरीवरून उडायचं, भिलाईत मरोद्याच्या पाण्यावर उतरायचं आणि पुढे हिराकूडला जायचं. त्यात थर्ड क्लास होता. लाकडी बाक, गाठोड्यांसाठी वर जाळी, कोपऱ्यात माठ. साहेबांच्या विमानात माठ नसतो.

हे कुठून सुरू झालं ते नवरा-बायको बोलत नसत. सत्यभामाबाईंचं माहेर अंबाझरीजवळचं. वडील गेले तेव्हा भिलाईहून निघालेली बाईंची गाडी डोंगरगडला अडकली, पुढे मालगाडी घसरली होती. त्या पोचल्या तेव्हा मयत उचलून अंगणही धुऊन झालं होतं.

घाई होती भैय्याजींची. ते हुडको भागातल्या या कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. यंदाच्या देखाव्यात काकांचं विमान ठेवायचं असं त्यांनी सगळ्या कॉलनीत सांगूनही टाकलं होतं. दुपारी ते आलेच.

"क्या बात है काका! या वर्षी आपला सीन एक नंबर."

"उजवा पंख नवा करा लागते. थोडे दिवस द्या."

"राहू द्या ना! एवढा फरक कोनाले दिसते?"

"मले दिसते."

"तुमी स्टेजवर राहाल काका, पब्लिक खाली राहीन." भैय्याजी मोठ्यानं हसले. मग त्यांनी मोबाइलवर बोर्डाचं डिझाइन दाखवलं. 'प्राचीन भारताचे जलविमान. पाच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथावरून हुबेहूब.' खाली, जाड अक्षरात, 'प्रतिकृती : श्री. गुलाबराव ठवकर'.

गुलाबरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"कोन्त्या ग्रंथावरून?"

"असते ना कोन्तातरी."

"हे मी डोक्यातून काढलं, भैय्याजी. असं विमान नव्हतंच. तसंच लिवा. लिवा का हे कधी नव्हतं, पन होऊ शकत होतं."

"नव्हतं असं लिवलं तं पाहाले कोन येईन?" भैय्याजी खरोखर हैराण झाले. "पाच हजार वर्सं म्हटलं का लोक हात जोडतात, काका. मोठे नेते येऊन राहिले. तुमचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइकवर नाव. काकूले साडी."

"चार इंजिनं हायेत याले. दारावर थर्ड क्लास लिवलं हाय. पाच हजार वर्सांपूर्वी थर्ड क्लास होता?"

"त्याच्यावर गोल्डन पेंट मारून देऊ ना! टेन्शन नका घेऊ."

भैय्याजी वाईट माणूस नव्हता, हेच तर जास्त वाईट. कोणाला रक्त लागलं तर पहिला धावणारा तोच. अशीच चांगली माणसं खोटं वाहून नेतात, ट्रकच्या ट्रक भरून, हसत हसत. पैसे घेऊन खोटं बोलणारा परवडला, तो निदान कधी तरी थांबतो.

"नाही देत मी," गुलाबराव म्हणाले.

"इचार करा काका. नाही तं कोहक्याचा थर्माकोलवाला हायेच तयार."

भैय्याजींची गाडी वळायच्या आत सत्यभामाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"दिलं असतं तं काय झिजत होतं तुमचं? जिंदगीभर लाकडं तासली. मशीनवर नाव कोनाचं? कंपनीचं. फोटो कोनाचा? साहेबाचा. आता एकदा माइकवर नाव येऊन राहिलं होतं, तं तुमाले सत्य आठवलं!"

"ते नाव खोट्याच्या खाली येऊन राहिलं होतं."

"अन् हे खरं हाय?" त्यांनी लाटणं खाटेकडे रोखलं. "हे पन खोटंच ना?"

"खोटंच हाय. पन मी कोनाले खरं हाय म्हनून सांगितलं नाही."

त्यांनी लाटणं खाली केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले वाटलं होतं, एकदा पाहीन तुमाले स्टेजवर."

आणि आत गेल्या. त्यानंतर घरात बोलणं झालं ते 'जेवा' आणि 'गॅस संपला' एवढंच.

गुलाबरावांना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं. खरं बोलल्यावर छाती फुगते असं लिहिणाऱ्यांनी खरं बोलल्यानंतर त्याच घरात दुसरी पोळी मागून बघावी. त्यांनी खाट सरकवून शॉपची पट्टी काढली आणि नवा पंख केला. तो नीट बसला. ते बघायला घरात कोणी आलं नाही.

गणपतीत मंडपात थर्माकोलचं विमान लागलं, सोन्याच्या रंगाचं. बोर्ड तोच होता, फक्त नाव बदललं होतं. नेते उशिरा आले. थर्माकोलवाल्याला शाल मिळाली, लोकांनी विमानाला हात जोडले. गुलाबरावांनीही टाळ्या वाजवल्या. त्या माणसाचं कापकाम साफ होतं, त्याचं त्याला मिळायला हवं.

आरतीनंतर प्रसादाची रांग लागली. बायांच्या रांगेत सत्यभामाबाईंच्या मागे शेजारच्या मैनाबाई होत्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा.

"काहो सत्यभामाबाई, तुमच्याकडलं विमान येनार होतं ना? साऱ्या कॉलनीत बोभाटा होता. कावून नाही आनलं? मोडलं का?"

दोन-चार बाया वळल्या. बाजूच्या रांगेत गुलाबराव खाली बघत उभे राहिले. इतक्या दिवसांचा राग बायकोच्या पोटात साचलेला होता आणि आता विचारणारंही मिळालं होतं. म्हातारा सटकला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला.

"मोडलं कायले? आज नागपूरची फेरी हाय त्याची."

"नागपूरची?"

"हो. अजून वापस याचं हाय."

मैनाबाईंना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी मंडपातल्या सोनेरी विमानाकडे पाहिलं, मग सत्यभामाबाईंच्या तोंडाकडे. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

रांग पुढे सरकली. सत्यभामाबाईंनी दोघांच्या वाट्याचा प्रसाद मागून घेतला. अर्धा नवऱ्याच्या ओंजळीत टाकला, त्याच्याकडे न बघता, आणि चपला शोधायला गेल्या.