पट फिरवण्याचा नियम

आमच्या घरी बुद्धिबळाला एक जादा नियम आहे: वीस चाली झाल्या की पट फिरवायचा आणि समोरच्याचा डाव आपण पुढे खेळायचा.

लेकीने प्रयोगशाळेतली नोकरी सोडून सुतारकाम धरलं. कामासाठी तिने मागची खोली मागितली, मी नाही म्हटलं. तेव्हापासून महिनाभर आम्ही खेळापुरतंच बोलत होतो.

रविवारी मी तिचा राजा पुरता कोंडला आणि नेमकी विसावी चाल झाली. तिने पट फिरवला.

"आता तूच सोडव, आई."

मी राजाभोवतीचं एकेक घर तपासलं. प्रत्येक वाट मीच बंद केली होती.

"इथे तर हलायलाही जागा नाही गं."

"कळलं ना?"

"खोली उद्या रिकामी करू. भुसा मात्र तूच झाडायचास."