चाळीस तास गप्प

माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, असं आमचं सगळं घराणं म्हणतं. म्हणू दे. पण एका शनिवारी मी सकाळभर तोंडातून शब्द काढला नाही, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून मलाच सांगावं लागतंय.

तारोबा माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याकडेच. आठव्या वर्षी त्याने माझ्या स्वयंपाकघरापासून त्याच्या खोलीपर्यंत तार ओढून घंटी बसवली, जेवायला हाका माराव्या लागू नयेत म्हणून. मी घंटीही वाजवायचे आणि हाकाही मारायचे. पुढे तो इंजिनियर झाला. पहिली चार वर्षं कचेऱ्यांच्या छतांमधून केबल ओढत हिंडला, केसांत कोळिष्टकं घेऊन घरी यायचा. मग संशोधक झाला. आता प्रयोगशाळेत बसून संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं ते ठरवतो. माणसांशी कसं बोलावं, हे त्या अभ्यासक्रमात नसावं.

त्याचं दहा वर्षांचं काम मला समजलं तेवढं सांगते. एका तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली की धडक होते, दोघांचंही बोलणं वाया जातं. मग दोघांनी लगेच गप्प बसायचं, आपापला फासा टाकायचा, जेवढा आकडा पडेल तेवढं थांबायचं आणि मग बोलायचं. पुन्हा धडक झाली तर आणखी जास्त थांबायचं. यंत्रांचे फासे त्यांच्या पोटातच पडतात. प्रयोगशाळेतल्या या शहाण्यांनी मात्र खिशात खरेखुरे दहा-दहा फासे ठेवले आणि चहाच्या टेबलावरही हाच नियम लावला. दोघं एकदम बोलले की एक फासा, तेवढे सेकंद गप्प. सलग तिसऱ्यांदा धडक झाली की दहाही फासे, आणि बेरजेइतके सेकंद नव्हे, तास; तोवर त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, फोन-चिठ्ठीही नाही. भांडणात डोकी थंड व्हावीत म्हणून म्हणे. माझं डोकं मात्र या नियमानेच तापायचं.

त्याच प्रयोगशाळेत एक मुलगी होती. मी तिला घड्याळबाई म्हणते, कारण सातला येते म्हणाली की सातच्या ठोक्याला बेल वाजते. सहा वर्षं दोघं एका टेबलाशी बसले. तारोबाचा तिच्यावर जीव आहे हे मला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि लिफ्टवाल्यालाही ठाऊक होतं. फक्त तिला त्याने सांगितलं नव्हतं. मग तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. शनिवारी सकाळी दहाची बस. गुरुवारी मी तिला जेवायला बोलावलं आणि तारोबाला बजावलं, "आज विचारलं नाहीस, तर आता पुढच्या जन्मीच विचार."

जेवणं झाली. रात्री आठ वाजता तारोबाने घसा खाकरला.

"मला एक..." तो म्हणाला.

"मला एक..." ती म्हणाली, अगदी त्याच वेळी.

दोघं गप्प. दोघांनी फासे टाकले. दोघांनाही चार पडले. चार सेकंदांनी दोघं पुन्हा एकदम, "मला एक..." पुन्हा फासे, दोघांनाही दोन. पुन्हा एकदम, "मला..."

"तिसरी," तारोबा पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

"तिसरी," असं म्हणून घड्याळबाईने चपला घातल्या आणि ती निघाली. तिचे दहा फासे जिन्यात पडल्याची खडखड मला ऐकू आली. तारोबाने आपले माझ्या परातीत टाकले. बेरीज चाळीस.

मी बोटांवर मोजलं. चाळीस तास म्हणजे शनिवारी दुपारी बारा. बस दहाची.

"अरे धाव, जिन्यातच असेल ती!"

"नियम मोडता येत नाही, मावशी."

"कोण पकडणार आहे तुला? पोलीस?"

"दहा वर्षं मी जगाला सांगतोय की थांबलं की काम होतं. आता मीच थांबलो नाही, तर माझे सगळे शोधनिबंध रद्दीत घाल."

"घालते. तेवढीच कपाटात जागा होईल. आणि तिला मीच सांगते."

"नाही." तो असा ठाम क्वचितच बोलतो. "हे एक तरी मला माझ्या तोंडाने बोलू दे. आजवर माझी सगळी वाक्यं तूच पुरी केलीस."

ते मला लागलं. खोटं कशाला सांगू, खरं होतं म्हणूनच लागलं. मी शपथ घेतली, शनिवारी तोंड उघडणार नाही. शुक्रवारी दिवसभर सराव केला, तर भाजीवालीला वाटलं माझी दाढ दुखतेय.

निरोप द्यायला जायला नियम आड येत नव्हता, म्हणून शनिवारी तारोबा निघाला आणि त्याच्यामागून मुकाट्याने मी. दहाला पाच कमी असताना स्टँडवर पोहोचलो. घड्याळबाई बसच्या दाराशी उभी होती, सामान चढवलेलं, नजर मनगटावर. आम्हाला पाहून हसली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गुरुवारचे आठ ते शनिवारचे दहा म्हणजे अडतीस तास. तिची बेरीज अडतीस पडली होती! बाई दहाच्या ठोक्याची वाट बघत होती.

"चला बाई, बसा," कंडक्टर खेकसला. त्याला चार शब्द सुनवायला माझी जीभ वळवळत होती. मी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला.

दहा वाजले. तिने तोंड उघडलं. आणि माझ्या गाढवाने, ज्याचे अजून दोन तास बाकी होते, आयुष्यातला पहिला नियम नेमका त्याच क्षणी मोडला.

"माझ्याशी लग्न करशील?"

दोघं एकदम. दोघं दचकले, गप्प झाले, आणि दोघांचेही हात खिशात गेले.

गेली शपथ खड्ड्यात. मी बोळा काढला आणि त्यांच्या मुठी नि खिसे रिकामे करून वीसच्या वीस फासे बसखाली भिरकावले.

"अरे शहाण्यांनो, धडक कसली? कोणाचं काय वाया गेलं? शब्दन् शब्द ऐकलाय मी. दोघांचा प्रश्न एकच आहे!"

"एकच?" तारोबाने विचारलं.

"एकच. आता उत्तरं द्या."

"हो," दोघं एकदम म्हणाले, आणि या वेळी कोणी खिशात हात घातला नाही. मला रडू फुटलं. कंडक्टर म्हणाला, "हो ना, मग चला आता."

पुढच्या महिन्यात तारोबाही त्याच शहरात गेला. घर शांत झालं आणि मला शांतता कधी जमलीच नाही. एक-दोनदा मी रिकाम्या खोलीतली घंटीसुद्धा वाजवली. दर रविवारी त्याचा फोन येतो. मी बोलायला लागते, तोही लागतो, एकदमच. पूर्वी तो लगेच थांबायचा. आता पठ्ठ्या थांबत नाही.

मग मीच थांबते.