लिटरला किती देते?

मी येलदरीची पांढरी गाडी बोलतेय. बोलायचं होतं तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून भंगारात जायच्या आधी बोलून घेते.

माझा जन्म एकोणऐंशी सालचा. माझ्या बहिणी सगळ्या साध्या मोटारी. मला तेवढा मागं लांब डबा जोडला, म्हणून मी स्टेशन वॅगन. धरणावरच्या वीजघरातल्या साहेबांनी मला इथं आणलं. बदली झाली तेव्हा त्यांनी मला सितारामला विकलं. दोन एकरांचा शेतकरी, पण गाडीचा भारी नाद. साहेबांनी माझं सगळं पुस्तक त्याच्याकडून पाठ करून घेतलं. चार सिलिंडर, चाळीस घोड्यांची ताकद, अडतीस लिटरची टाकी, लिटरला चौदा किलोमीटर.

तो ते आरतीसारखं म्हणून दाखवायचा. माणसांची मला गंमत वाटते. लग्नाला भाड्यानं नेतील, पण पहिला प्रश्न एकच, "लिटरला किती देती?"

"चौदा! पुस्तकात हाय," सिताराम छाती फुगवून सांगायचा. अकरा वऱ्हाडी कोंबल्यावर मी जेमतेम दहा देत होते. त्यालाही ते कळायचं, पण कबूल करील तर शपथ!

पुढं माझा पेट्रोलचा काटा बिघडला. तेव्हा त्यानं मला पाराजवळच्या सपाटीवर उभी केली, रिकाम्या टाकीत एकेक लिटर ओतलं आणि तुरीच्या काडीवर चाकूनं खुणा पाडल्या. माप अगदी चोख. बॅटरीही म्हातारी झाली होती, म्हणून रात्री तो मला घरापुढच्या उतारावर ठेवायचा. सकाळी जरा ढकललं की मी सुरू. तो उतार उजवीकडं कललेला, माझ्या टाकीचं तोंडही उजवीकडंच. पण मोजायचं ते पारापाशी नेऊनच, हा त्याचा नेम.

दैवशाला त्याची एकुलती लेक. सासरी गेली ती माझ्यातूनच, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तीही माझ्यातूनच. उतरताना माझा आरसा पदरानं पुसायची खोड होती तिला. मला ती फार आवडायची.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसटी नाही, जिंतूरचा पंपही बंद. सकाळी दैवशाला अडली. सुईण कडूबाई बाहेर आली. "सितारामभाऊ, माझ्या हातचं न्हाई हे. परभणीला न्या, आत्ताच्या आत्ता."

त्यानं उतारावरच काडी टाकली. सात खुणा ओल्या. "सात लिटर हाय, लय झालं. साठ किलोमीटर तर जायचंय," तो म्हणाला. पेट्रोल सगळं उजवीकडं, काडीच्या बाजूला गोळा झालं होतं. होतं चारच लिटर. माझ्या पोटातलं मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. अजून जीव तुटतो माझा.

मागच्या डब्यात गोधडीवर तिला निजवलं, उशाला कडूबाई बसली. जिंतूर गेलं, बोरी गेली. बोरीच्या पुढं कोसभरावर मी दोन आचके दिले आणि थांबले. त्यानं काडी टाकली. कोरडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"दादा, आलं का परभणी?" दैवशालानं बापाला विचारलं.

"आलंच, बाई," म्हणत तो एकटाच मला ढकलायला लागला. चाळीस घोड्यांची मी, आणि बाप ढकलत होता. बैलगाडी मिळेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. तोवर लेक गेली, पोटातलं बाळही गेलं.

बैलांनी ओढत मला परत आणलं. सितारामनं मला पाराजवळच्या सपाटीवर सोडलं आणि पुन्हा किल्लीला हात लावला नाही. टायर बसले, आरशावर धूळ साचली. ती काडी अजून टाकीतच आहे. लोकहो, गाडीचं पोट मोजाल तेव्हा तिला सपाटीवर उभी करा, कितीही घाई असो. माझं एवढंच मागणं आहे.

आज भंगारवाला आला. बॉनेट वाजवून पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "मामा, चालत होती तवा किती देत होती?"

सितारामनं माझ्या आरशावरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाला, "बोरीपस्तोर."