गाडीला बोलले, मामा

चारठाण्याच्या अलीकडं बंद पडलेल्या खडीच्या खदानीत ‘रॉक क्रॉलिंग’ची स्पर्धा भरली. बोर्ड रंगवणाऱ्यानं ‘रॉक कॉलिंग’ असं रंगवलं होतं. त्यामुळं निम्मी माणसं ऑर्केस्ट्रा ऐकायला आली आणि स्टेज कुठं हाय म्हणून विचारत बसली. स्टेज नव्हतं, दगड होते. मोटारीनं ते चढायचे, एवढीच स्पर्धा. चढून गेल्यावर वर काय हाय, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. वर काहीच नाही हे कळल्यावर त्याचं समाधान झालं. असली कामं त्यानं पंचायत समितीत बरीच पाहिली होती.

नियम सोपे होते. संघ दोघांचा. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं पायी पुढं राहून चाक कुठं टाकायचं ते सांगायचं. वाटेत चार फाटकं, म्हणजे दोन-दोन बांबू, मधून गाडी जेमतेम जाईल असे. बांबूला धक्का लागला की दहा गुण दंड, गाडी मागं घेतली की एक. दहा मिनिटांत वर पोचायचं. ज्याचा दंड कमी तो पुढं.

एकोणीस संघ आले. अठरांत मित्र-मित्र, भाऊ-भाऊ असे होते. एकोणिसाव्या संघात सून आणि सासरा होते.

सासरे व्यंकटराव. तीस वर्षं जिंतूर-चारठाणा काळी-पिवळी जीप चालवली. आत सतरा माणसं, टपावर शेळ्या आणि डायवरच्या उजव्या हाताला, म्हणजे बहुतेक हवेत, आणखी एक जण. परमिट संपलं तशी जीप लिंबाखाली उभी राहिली. सून राजेश्री हिनं ती सगळी खोलली, पाट्याच्या स्प्रिंगा बदलल्या, त्या धरणाऱ्या मागच्या ब्रॅकेटांना नव्यानं वेल्डिंग मारलं आणि पुन्हा जोडली.

राजेश्री आयटीआयची मोटार मेकॅनिक. जिंतूर रोडला तिचं पत्र्याचं गॅरेज होतं. सहा महिन्यांत तिथं फक्त हवा भरायला गाड्या आल्या. माणसं उतरायची, इकडंतिकडं बघायची आणि विचारायची, “मालक कुठं गेले?”

“मीच हाय.”

“हां का? मग हवा भरा.”

इंजिन, गिअर, ब्रेकचं काम घेऊन माणसं थेट परभणीला जायची, रस्त्यात बंद पडत जायची, पण जायची. नवरा बालाजी शाळेत क्लार्क होता. आणखी दोन महिन्यांत काम आलं नाही तर पत्रे काढू, असं तो एकदा समजुतीच्या सुरात म्हणाला.  राजेश्रीनं स्पर्धेचा फॉर्म भरला. आपल्या हातची गाडी चार हजार माणसांसमोर दगड चढली तर मालक कुठं गेले हे तरी कोणी विचारणार नाही, एवढा तिचा हिशोब. चालवायला तीस वर्षांचा हात हवा होता, तो घरातच होता. आणि गाडीच्या पोटात काय कुठं आहे हे फक्त तिला माहीत, म्हणून सांगायला ती.

शनिवारी पहिली फेरी झाली. अडचण तिथं कळली.

डोक्यावरचा पदर सांभाळत राजेश्री दगडांत उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, जराशी डाव्या अंगाला घेता का?”

व्यंकटरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “घेतो की, माय. किती घेऊ?”

“तुमाला जमंल तेवढी.”

“न्हाई, तू सांग की.”

“थोडी घेतली तर बरं हुईल, असं वाटायलंय.”

एवढं होईपर्यंत पहिला बांबू चाकाखाली आडवा झाला होता. दुसऱ्या फाटकाला तिनं “थांबता का, मामा?” असं विचारलं. ते “थांबतो की” म्हणाले आणि मग थांबले. त्या दोन शब्दांत दुसरा बांबू गेला. खाली माणसं हसत होती. कोणीतरी ओरडलं, “अहो, पाहुणचार चाललाय का डायविंग?”

चाळीस गुण दंड झाला. तरी रविवारच्या फेरीत आठव्या नंबरावर नाव लागलं, कारण अकरा गाड्या वरपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

संध्याकाळी घरी भाकरी होत असताना चर्चा बसली. बालाजी म्हणाला, “सरळ सांगायचं. लेफ्ट, राइट, स्टॉप.”

“इंग्रजीत आज्ञा केली म्हणजे ती आज्ञा न्हाई का?” राजेश्री म्हणाली.

“मग हातानं दाखव.”

“मामाला बोट दाखवू?”

व्यंकटराव म्हणाले, “दाखव की, माय. मला काय वाटायचं न्हाई.”

“मला वाटतंय ना.”

तव्यावरची भाकरी उलटत सासूबाई, कमलबाई, म्हणाल्या, “ह्यांना कशाला बोलायलीस? गाडीला बोल.”

“म्हणजे?” बालाजीनं विचारलं.

“मी चाळीस वर्षं म्हशीला बोलायलेय. ‘खाऊन लोळत पडली मेली, पाणी कोण आणंल?’ असं म्हणलं की हे घागर घेऊन निघायचे.”

व्यंकटरावांचा घास हातातच राहिला. “मला वाटायचं तू खरंच म्हशीला बोलायलीस.”

“मग घागर का उचलत होता तुमी?”

या प्रश्नावर त्यांनी विचार केला आणि वरण मागितलं.

रविवारी फायनल दोन वाटांवर होती. दोन्हींचा दंड मिळून निकाल. पहिल्या वाटेवर राजेश्रीनं पदर कमरेला खोचला, जीपच्या बॉनेटकडं रोखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “ये गं. सरळ ये. डावीकडं वळ. आणखी. बास! थांब म्हणले ना!”

जीप थांबली. बांबू आणि आरसा यांत चार बोटं अंतर होतं.

“आता ये. हळू ये, कुणी मागं लागलं न्हाई तुझ्या.”

व्यंकटराव समोर पाहत, चेहऱ्यावरची रेष न हलवता चालवत होते. जणू बोलणं दुसऱ्याच कोणाला चाललंय आणि आपण योगायोगानं तेच करतोय. पहिलं फाटक गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला अंगणाएवढा तिरपा खडक होता. तिथं जीपचं पुढचं डावं चाक हवेत उचललं गेलं. माणसं हसायची थांबली. तीस वर्षांच्या सवयीनं व्यंकटरावांचा पाय जोर द्यायला निघाला.

“आंधळे!” राजेश्री ओरडली. “जोर कुठं लावायलीस? उलटून पडायचंय का? दम खा जरा!”

पाय जागेवर आला. मागून कर्र असा आवाज झाला. तो आवाज कुठून आला असावा याची शंका राजेश्रीलाच आली. मागच्या ब्रॅकेटांच्या वेल्डिंगवर अख्खी जीप लोंबत होती. इथून मागं घेतली असती तर एकच गुण जात होता. पुढं घेतली आणि ब्रॅकेट सुटलं असतं, तर तिनं मारलेलं वेल्डिंग कसं सुटलं हे चार हजार माणसं घरोघर सांगणार होती.

ती बाजूनं वळसा घेऊन मागं गेली, दगडांवर पालथी पडली आणि जीपच्या पोटाखाली नजर लावली. पंच घड्याळाकडं बघत होता. ती उठली तेव्हा कोपर सोलवटलं होतं.

“ब्रॅकेट न्हाई, दगड घासायलाय,” ती जीपला म्हणाली. “तुला काही झालं न्हाई. नाटकं करू नको. उजवीकडं वळ आणि चल!”

जीप चालली. हवेतलं चाक खडकावर टेकलं, मागचं चढलं. चौथं फाटक तिनं पन्नास सेकंद राखून ओलांडलं. दंड शून्य.

पंच पुण्याकडचा होता. त्यानं गंभीरपणे बोलावून घेतलं. “मॅडम, तक्रार आहे. सहकाऱ्याला अपशब्द वापरले तर पाच गुण दंड होतो.”

“मी मामाला एक शब्द बोलले न्हाई.”

“मग आंधळे कोणाला म्हणालात?”

“गाडीला.”

पंचानं व्यंकटरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, “आंधळे म्हणजे बाईमाणूस झालं, साहेब. मी हाय का?”

पंचानं नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. गाडीला काय बोलावं याविषयी त्यात काही नव्हतं.

पहिल्या वाटेअखेर पहिल्या नंबरावर राजेश्री आणि व्यंकटराव होते. एका गुणानं मागं परभणीचा धम्मानंद, मोठी टायरं लावलेली तांबडी जीप घेऊन आलेला इंजिनिअर. पण वर पोचतानाच त्याच्या स्टेअरिंगच्या दांड्याचं ब्रॅकेट तडकलं होतं. दुसरी वाट सुरू व्हायला पाऊण तास होता. तो धापा टाकत आला आणि व्यंकटरावांपुढं उभा राहिला.

“काका, तुमचं मागचं वेल्डिंग कोणी मारलं? एवढ्या लोडवर टिकलं म्हणून विचारतो.”

“ह्यांनी,” व्यंकटराव म्हणाले. सुनेला आयुष्यात पहिल्यांदा ते अहो-जाहो करत होते.

धम्मानंद तिच्याकडं वळला. “ताई, माझं करून देता का? आत्ता?”

 राजेश्रीनं बालाजीला वेल्डिंग मशीन सोबत आणलेल्या टेम्पोतून उतरवायला लावलं, जनरेटर सुरू केला आणि तांबड्या जीपखाली शिरली. माणसं गोल करून उभी राहिली.

व्यंकटराव वाकून हळूच म्हणाले, “अगं, त्याची गाडी नीट झाली तर तो आपल्या पुढं जाईल की.”

“जाऊ द्या, मामा. गिऱ्हाईक हाय ते.” खालून हात बाहेर आला. “सतराचा पाना द्या.”

त्यांनी घाईत एकोणीसचा दिला. तो तसाच परत आला.

“सतरा म्हणले, मामा.”