रस्त्याकडची भिंत

"भिंत न्हाई मिळायची," चतुराबाई म्हणाली आणि सुपातल्या तुरी अशा जोरात पाखडल्या की दोन-चार दाणे समोर बसलेल्या आकांक्षाच्या मांडीवर जाऊन पडले.

आकांक्षा तिच्या लेकीची लेक. संभाजीनगरच्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती आणि कालच्या एसटीनं रंगाचे डबे घेऊन आजीकडे उतरली होती. आल्या आल्या पोरीनं पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं होतं, "आजी, रस्त्याकडची भिंत पाहिजे."

"अगं पण आजी, सोमवारी मोर्चा याच रस्त्यानं जाणार आहे. कनेरगाव नाक्यावरून निघून पोलीस ठाण्यापर्यंत. शेकडो माणसं भिंत बघतील."

"मंग बघू दे की. त्याच्यावर लिव्हलेलंच हाय."

लिहिलेलं होतंच. हिंगोलीकडून वाशीमकडे जाताना, नाक्याच्या अलीकडे हे गाव लागतं. वस्तीतलं पहिलं घर चतुराबाईचं, आणि त्याची एक अख्खी भिंत सडकेकडे तोंड करून उभी. भिंतीवर हातभर उंचीची निळी अक्षरं: आम्ही बी माणसं. एसटीच्या खिडकीतून पोरं ती मोठ्यानं वाचत. ही अक्षरं अमृतरावानं काढलेली. अमृतराव म्हणजे चतुराबाईचा नवरा, पेंटर. करोनाच्या आदल्या साली गेला तो.

त्या दिवसांची सय आली की चतुराबाईचा चेहरा अजूनही सैल पडायचा. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. ती नवी नवरी होती. गावोगाव घरं जळत होती, कुठल्या रस्त्यानं जावं आणि कुठल्या नाही याचा भरवसा नव्हता, आणि तिच्या घरात मात्र लग्नघरासारखी गडबड. किराणा दुकानातून खोक्यांचे पुठ्ठे यायचे, बायका चुलीवर खळ शिजवायच्या, म्हातारे बांबूच्या कामट्या तासायचे. अमृतराव मधोमध मांडी घालून मोर्च्याच्या पाट्या लिहायचा. घरात पाय ठेवायला जागा नसे, आणि चहाचा गूळ नेमका तेव्हाच संपायचा.

भिंत लिहायचं ठरलं तेव्हा अमृतरावानं अक्षरांच्या नुसत्या दुहेरी रेघा ओढल्या आणि कुंचा बायकोच्या हातात दिला. "रेघेच्या आत नीळ भर," एवढंच सांगून तो पाण्याला गेला. चतुराबाईला कुठं वाचता येत होतं? तिनं बापडीनं रेघेच्या आत जे जे दिसलं ते सगळं भरलं. 'ब'चं पोट भरलं, 'म'ची गाठ भरली, एक भोक म्हणून मोकळं सोडलं नाही. अमृतराव परत आला, घागर खाली ठेवली आणि हसत सुटला.

"काय झालं? काहून हसून राहिले?" ती घाबरून म्हणाली.

"अगं बये, अक्षरांना जेवायला घातलंस व्हय?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं एक ठिपकाही पुसला नाही. म्हणाला, "राहू दे. आपल्या जिंदगीत कोण भरल्या पोटी बसलंय? अक्षरं तरी बसू दे." त्यानंतर त्यानं काढलेल्या सगळ्या पाट्या तशाच, भरल्या पोटाच्या. परभणीच्या मोर्च्यात लोक लांबून ओळखायचे. नाक्याकडची मंडळी आली रे, म्हणायचे. चतुराबाई कडेवर लेकरू घेऊन त्या पाट्यांमागं चालायची आणि आतल्या आत तिला असं वाटायचं की आपणही काहीतरी लिहिलंय.

भिंत सुखासुखी राहिली असं नाही. लिहिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यावर शेण थापलेलं असायचं. कोण थापतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दगडोबा आणि त्याचे जोडीदार, मिसरूड फुटलेली पोरं. चतुराबाई रडायची, शिव्या द्यायची. अमृतराव शांतपणे आंघोळ करायचा, चहा प्यायचा आणि भिंत धुवून पुन्हा लिहायला बसायचा. "त्यांचं शेण सरंल," म्हणायचा, "आपली नीळ न्हाई सरायची." आणि खरंच सरली नाही. पुढं त्याच दगडोबानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यावर नाव घालायला तो अमृतरावाकडेच आला. अमृतरावानं लिहून दिलं, छान नक्षी काढून दिली, आणि शेणाचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. चतुराबाईनं मात्र त्या दिवशी चहात साखर जरा हात आखडूनच घातली होती.

पावसाळ्यात अक्षरं विरायची. म्हणून दरसाल चौदा एप्रिलच्या आधी चतुराबाई अक्षरांच्या भोवतीनं चुना द्यायची आणि आतून नीळ भरायची. चुन्यात डिंक घातला की हाताला लागत नाही, हे तिला अमृतरावानं शिकवलेलं. तो होता तेव्हाही ती भरायची, गेल्यावरही भरत राहिली. नवरा भिंतीवर होता तिच्या. फोटोला हार घालून जे मिळालं नसतं ते तिला त्या एका दिवसात मिळायचं.

आणि आता ही पोरगी म्हणत होती, त्यावर दुसरं काढायचंय.

"गावात दुसऱ्या भिंती मेल्यात का गं?" चतुराबाई सूप आपटत म्हणाली.

"विचारलं ना सगळीकडे. रस्त्याकडची भिंत कुणी देत नाही. कुणी म्हणतं आत्ताच रंग दिलाय, कुणी म्हणतं मालक पुण्याला. आपल्या वस्तीत रस्त्याकडं तोंड असलेली तुझीच एक आहे."

"तुझ्या आजोबाची अक्षरं हायेत ती."

"आजी," आकांक्षा पटकन बोलून गेली, "दरसाल तूच रंगवतेस. आजोबांचा रंग त्यात राहिला तरी आहे का?"

चतुराबाई ताडकन उठली. "मोठी शहाणी लागून गेलीस! चार बुकं शिकलीस म्हणून आजोबा पुसाया आलीस?" असं म्हणून ती आत गेली आणि तिनं दाणदाण भांडी घासायला काढली. घासलेलीच भांडी होती ती.

दुपार कलताना शीतल आली. शीतल पलीकडच्या घरातली, आयुषची आई. सगळं प्रकरण आयुषचंच. पोरगं हिंगोलीला कॉलेजात जायचं. बापानं घेऊन दिलेली नवी मोटारसायकल, वर मोबाइलवर भीमाचं गाणं. शेजारच्या गावच्या चौकातून जाताना चौघांनी त्याला अडवलं, गाणं बंद करायला लावलं, गाडीवरून खाली ओढलं आणि मारलं. एवढं मारलं की दवाखान्यात आठवडा काढावा लागला. ठाण्यात तक्रार लिहून घेईपर्यंत आणखी आठवडा. चौघांतला एक दगडोबाचा पुतण्या.

शीतलनं भिंतीचं नावही काढलं नाही. ती उंबऱ्यापाशी बसली, पदरानं वारा घेत राहिली. बाहेर कुणाच्या तरी शेतात हळद शिजत होती, तिचा वास सगळीकडे भरला होता.

"कसा हाय पोरगा?" चतुराबाईनं विचारलं.

"जखमा भरल्या मावशी. पण सडकेवर येत न्हाई. मागून, शेताच्या बांधाबांधानं जातो अन् पुढच्या फाट्यावर एसटी धरतो. गाडी घरात झाकून ठेवली. म्या म्हणलं, बापू, चोरी केली का तू? तर खाली बघतो. मान म्हणून वर करत न्हाई." तिनं पलीकडं आपल्या घराकडं बघितलं. "लहानपणी कसं होतं ते पोरगं, तुमाला ठावं हाय ना. गावभर शीळ घालत हिंडायचं."

चतुराबाईला ठाऊक नसायला काय झालं? त्याच शिळेवर तिनं त्याला कितीदा कावून हाकललं होतं.

"आकांक्षाताई त्याचंच चित्र काढणार म्हणतात," शीतल हळूच म्हणाली. "गाडीवर बसलेला. मान वर केलेला. तुमची भिंत हाय मावशी, म्या काय बोलू. मला फक्त वाटलं, भिंतीवर तरी तो सडकेकडं बघंल."

ती गेली. चतुराबाई उठली. मग कुणाला न सांगता बाहेर जाऊन भिंतीसमोर उभी राहिली. किती वर्षांत तिनं ती अक्षरं नुसती बघितलीच नव्हती. बघायची ती फक्त कुठं नीळ उडाली एवढंच. आता नीट बघितलं. 'आ' तिरका झाला होता. 'ब' अमृतरावानं काढला होता त्याहून दुप्पट लठ्ठ, आणि रेघा दरसाल थोड्या थोड्या सरकत कुठच्या कुठं गेलेल्या. पोरीचं तोंड वाईट, पण बोलली ते खोटं नव्हतं. अमृतरावाचा हात तिथं कधीच उरला नव्हता. तिला गलबलून आलं. मग रागही आला, स्वतःचा, त्याचा, त्या चौघांचा. तो असता तर काय म्हणाला असता हे तिला चांगलं माहीत होतं, आणि तेच तिला ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला असता, चतुरा, भिंत भांडायला असते, पुजायला न्हाई.

सकाळी आकांक्षा उठून बाहेर आली तर आजी ओट्यावर बसून बादलीत चुना कालवत होती. शेजारी केकताडाच्या वाखाचा कुंचा भिजत पडला होता.

"आजी?"

"डिंक जरा जास्तच घातला. चित्र टिकाया पाहिजे." चतुराबाईनं मान वर केली नाही. "तुला कोरी भिंत लागंल ना?"

आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी देते चुना आजी. तू नको..."

"हात लावशील तर बघ!" आजी कडाडली. "तू चित्र काढ. हे काम माझं हाय."

स्टुलावर चढताना तिनं नातीचा खांदा धरला, तेवढीच मदत. मग पहिला फटका मारला, 'आ'वरून. ऊन नुकतं वर येत होतं. सडकेवरून ट्रॅक्टर जात होते, कारखान्याच्या उसाचे. एक-दोन बायका थांबल्या, बघून पुढं गेल्या.

दगडोबा सायकल हातात धरून शेताकडे निघाला होता. भिंतीपाशी आला आणि थबकला. धोतर, डोक्याला रुमाल, म्हातारा पार वाकलेला.

"चतुराबाई," तो म्हणाला, "काहून पुसून राहिल्या? कोणी सांगितलं का? कोणाची तकलीफ असंल तर मला सांगा. मी सरपंचाशी बोलतो."

चतुराबाईनं कुंचा बादलीत बुडवला. "कोणी न्हाई सांगितलं दगडोबा. पुसाया आता बाहेरच्याची गरज न्हाई."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. कुणालाही दिसला असता, इतका. त्यानं विचारलं, "मंग काय लिव्हणार आता?"

"शीतलचा पोरगा काढणार हायेत. आयुष. गाडीवर बसलेला."

दगडोबानं भिंतीकडे बघितलं. सायकलच्या हँडलवर त्याची बोटं उघडझाप करत राहिली. पुतण्यासाठी काही बोलेल असं आकांक्षाला वाटलं, ती रंगाच्या डब्याशी ताठ उभी होती. पण तो "बराबर हाय," एवढंच पुटपुटला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग सायकल लोटत निघून गेला.

चतुराबाईनं शेवटच्या अक्षरावरून कुंचा फिरवला आणि खाली उतरली. कंबर धरली होती. आकांक्षा भिंतीकडे बघून म्हणाली, "आजी, हे तर सगळं दिसतंय अजून."

दिसत होतंच. चुन्याची खोडच ती. ओला असतो तोवर तो काही झाकत नाही, पाण्यासारखा आरपार दिसतो. वाळेल तसा पांढरा होत जातो.

"दिसणारच," चतुराबाई म्हणाली. "वाळू दे."

तिनं स्टूल सडकेच्या कडेला ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. ऊन भिंतीवर वरून खाली उतरत होतं. आधी 'आ'चा काना धूसर झाला. मग 'म्ही'. आकांक्षा चहा घेऊन आली, तो चतुराबाईनं हातात धरला, पण प्यायला विसरली. 'बी'चं लठ्ठ पोट बराच वेळ राहिलं, तिथं नीळ जाड होती. मग तेही फिकं फिकं होत गेलं. चतुराबाईनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मध्ये एसटी गेली. खिडकीतल्या एका पोरानं वाचायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात गाडी पुढं निघून गेली.

भिंत वाळली. सगळी पांढरी झाली, फक्त जरा डोळे बारीक करून बघितलं की 'ब'च्या जागी निळसर सावली दिसायची. आकांक्षा म्हणाली, "राहू दे आजी, एवढं चालेल मला. त्याच्यावर रंग बसेल."

चतुराबाई उठली. निवलेला चहा एका घोटात प्यायली, कप नातीच्या हातात दिला आणि बादलीकडं वळली.

"न्हाई," ती म्हणाली, "दुसरा हात द्यावा लागंल," आणि तिनं कुंचा उचलला.